मोठा एम

सोमवार, ५ ऑगस्ट

मुख्याध्यापकांनी आज बोलावून घेतलं आणि नऊ वर्षं शोधत होते ती संधी आपण होऊन माझ्या पदरात पडली. तेवीस तारखेला, शुक्रवारी, अकरावीच्या वर्गात जाहीर चर्चा आहे. विषय: गांजाला मोकळीक द्यावी का? चर्चा मी घ्यायची. गावातली वडीलधारी मंडळी येणार आणि औषधी गांजा पिकवणाऱ्या कंपनीचा माणूस खास जोहान्सबर्गहून येणार. कोर्टाने घरातल्या घरात ओढायला मोकळीक दिली, विकणं अजून गुन्हाच, आणि कंपन्यांना मात्र परवाने. ह्या कंपनीला आमच्या डोंगरातली जमीन हवी आहे, आणि गावकऱ्यांची एक समिती. समितीच्या अध्यक्षपदासाठी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आहे. माझ्या सासऱ्यांचं.

का, तर त्यांचे हात स्वच्छ. आमच्या अख्ख्या पोंडोलँड मुलखात गांजा न पेरलेला एकच म्हातारा, अशी ख्याती.

आमच्या घरावरचे पत्रे गांजाच्या पैशाचे. माझ्या लग्नात रीतीप्रमाणे माझ्या बापाला दिलेली गुरं गांजाची. आणि माझा नवरा लुबाबालो नाक्यावर पकडला गेला तेव्हा पिकअपमध्ये जी पोती होती, ती ह्याच स्वच्छ हातांनी भरलेली. पोलीस त्याला घेऊन आमच्या अंगणात आले. पोती कुणाची, असं त्यांनी विचारलं. सासरे म्हणाले, मला ठाऊक नाही, माझ्या घरात असलं काही होत नाही. लुबाबालोनं बापाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. बापाला चारचौघांत खोटं पाडायची आमच्यात रीत नाही. तो तुरुंगातच क्षयानं गेला. गावानं त्याला बापाच्या नावाला काळं फासणारा चोर ठरवलं, आणि आमची आखोना सोळा वर्षांची झाली तरी अजून 'पोतीवाल्याची पोर' आहे.

मला एकच गोष्ट हवी आहे. पोती कुणाची होती हे सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं जावं. समितीच्या आधी.

बुधवार, ७ ऑगस्ट

अडचण नावाची आहे. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावच काय, नावासारखा वाजणारा शब्दही घेत नाही. बाकीच्या सुना सहज निभावून नेतात. शेजारणीच्या सासऱ्याच्या नावात 'दगड' आहे, ती दगडाला 'कठीण' म्हणते, संपलं. माझ्या सासऱ्यांचं नाव म्थेथो. आणि आमच्या भाषेत उम्थेथो म्हणजे कायदा.

लग्न झाल्यापासून कायदा हा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही, आणि आता चर्चा घ्यायची ती कायद्यावर. इंग्रजी शब्द चालतो म्हणा, पण म्हाताऱ्यांपुढे इंग्रजी झाडून काय उपयोग. वर्गात मी 'सरकारनं घालून दिलेलं' असं म्हणते आणि पोरं गालातल्या गालात हसतात. आज विषय सांगितला तर लुथो, वर्गातला सगळ्यात वात्रट, लगेच उभा राहिला.

"मिस, संसदेत काय करतात?"

"बैठका घेतात."

"आणि बैठकीत काय करतात?"

"चहा पितात. बस खाली."

वर्ग फुटला. मलाही हसू आलं. त्या माणसानं माझा नवरा नेला आणि वर एक शब्दही नेला.

लिहायला मात्र कुणी अडवलेलं नाही. ही रीत घालून दिली तेव्हा सुनांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते कुणाला सुचलंच नसावं. त्यामुळे ह्या वहीत मी म्हाताऱ्याचं नाव खुशाल लिहिते. आणि त्यावरूनच आज मला युक्ती सुचली. चर्चेचा नियम असा करायचा: बोलणाऱ्यानं उभं राहून एकच वाक्य बोलायचं, आणि ते जसंच्या तसं मी फळ्यावर लिहायचं. कुणीतरी पोर बोलेल, मी लिहीन. बोलताना माणसाच्या नावाआधीही 'उ' लागतो, त्यामुळे कानाला कायदा आणि माणूस सारखेच, उम्थेथो. पण आमची लिपी इंग्रजीचीच, लिहिताना माणूस असेल तर त्यातला एम मोठा. फळ्याएवढा मोठा काढीन मी.

रविवार, ११ ऑगस्ट

चर्चमधून आल्यावर म्हातारा माझ्या दाराशी आला. आत येत नाही, बाहेरूनच बोलतो.

"माजोला, त्या शुक्रवारी शाळेत म्हाताऱ्या माणसानं बोललेलं चालेल का?" माजोला म्हणजे मी, माझ्या माहेरच्या कुळावरून.

"चालेल, ताता."

"मनात असेल ते?"

"मनात असेल ते."

पायातल्या बुटांकडे बघायला लागला. आणि मग म्हणतो, लुबाबालोचा तपकिरी कोट अजून आहे का. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही, कोटच हवा होता. कंपनीच्या माणसासमोर मिरवायला मेलेल्या मुलाचा कोट. मी पेटीतून काढून दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, जसा काही मी त्याला मान देत होते.

बोलणाऱ्यांत म्हाताऱ्याला सगळ्यात शेवटी ठेवलं आहे. अध्यक्ष व्हायची घाई झाली आहे तर बसू दे वाट बघत. आणि तोपर्यंत बोलण्यासारखं काही उरणारच नाही.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

लुथोला गाठलं. त्याचा काका म्हाताऱ्याचा माल घ्यायचा, आणि हा लहानपणी काकाबरोबर आमच्या कणगीमागे येऊन बसायचा. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी त्याला म्हटलं, शौचालयाच्या मागे तुम्ही मधल्या सुट्टीत काय ओढता ते मला माहीत आहे, आणि मला आठवणार नाही, जर तू पुढच्या शुक्रवारी एक वाक्य बोललास.

"कोणतं वाक्य, मिस?"

मी कागदावर लिहून दाखवलं. त्याचा रंगच उडाला. "मिस, मला अजून ह्याच गावात राहायचंय."

शेवटी तयार झाला. कागद मी फाडून टाकला. मागे वळले तर दाराशी आखोना. किती वेळची उभी होती देव जाणे.

घरी जाताना म्हणाली, "लुथोला का सांगितलंस? त्याचं कोण मेलंय?"

मी म्हटलं, म्हणूनच. त्याला जड जाणार नाही. घरी गेली ती थेट आजोबांच्या गोल घरात. म्हाताऱ्याची लाडकी आहे. मी तिला लहानपणापासून सगळं सांगत आले, तरी त्याचे बूट पुसते, त्याला पेपर वाचून दाखवते. कधी कधी वाटतं, माझ्याच ताटात जेवून पोर परकी झाली.

मंगळवार, २० ऑगस्ट

घरात बियर घालायचं चाललं आहे. नोझुको आत्या, म्हाताऱ्याची बहीण, मुद्दाम डोंगरापलीकडून आली. मोड आणून वाळवलेला मका आणि ज्वारी दळायला सुनेला बोलावलं. मी म्हटलं, शाळेचं काम आहे. कसले पाहुणे आहेत एवढे? म्हातारा म्हणाला, शनिवारी लोक येतील, शुक्रवारनंतर सांगेन. परसात बोकडही बांधला आहे, पांढरा, एकही डाग नसलेला. शुक्रवारी अध्यक्ष, शनिवारी मेजवानी. किती खात्री म्हणायची.

आखोनानं दळून दिलं. आत्या माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "सूनबाई, चार दिवस राग गिळ. शनिवारी तुझंच काम पडणार आहे."

मी म्हटलं, कंपनीच्या लोकांना ओतून द्यायला मी रिकामी नाही. आत्या डोकं हलवून भांडं ढवळायला गेली. भावासारखीच, जे विचारावं त्याचं उत्तर नाही.

गुरुवार, २२ ऑगस्ट

आज एक गोष्ट केली. लिहू की नको असं झालं होतं, पण इथे नाही लिहायचं तर कुठे.

शाळेतून आले तर आत्या झऱ्यावर, म्हातारा शेजारच्या गावात लोकांना बोलावणं करायला गेलेला. गोल घराचं दार उघडं. आत मोठं निळं पिंप, झाकण ठेवलेलं, बियर आत बुडबुडत होती. वास छान आला होता, खोटं कशाला बोलू. आणि खुंटीवर लुबाबालोचा कोट, घासूनपुसून, नवी बटणं लावलेला. त्या बटणांनी माझं डोकं फिरलं. माझ्या नवऱ्याच्या कोटाला अध्यक्षपदाची बटणं.

माझ्या खोलीत स्टोव्हच्या रॉकेलचा डबा होता. अर्धा होता, सगळा ओतला. झाकण परत लावलं.

नऊ वर्षांत लागली नसेल एवढी गाढ झोप आज लागेल. शनिवारी कंपनीचा माणूस पहिला घोट घेईल तेव्हा त्याचं तोंड बघायला मी हजर असेन.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

क्रमानं लिहिते.

वर्ग खचाखच भरला होता. पोरं मागे, मंडळी पुढच्या बाकांवर गुडघे मुडपून. कंपनीचा टेबोगो मोलेफे मध्ये, चकचकीत बूट घातलेला, त्याच्या एका बाजूला मुख्याध्यापक आणि दुसऱ्या बाजूला म्हातारा, लुबाबालोच्या कोटात. मी नियम सांगितला. एक माणूस, एक वाक्य, आणि ते फळ्यावर.

सुरुवात बरी झाली. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, माझा भाऊ ओढून ओढून स्वतःशीच बोलायला लागला आहे, त्याला मोकळीक दिली तर आईनं त्याला कुठे बांधून ठेवायचं. ते लिहिलं. दुसरा म्हणाला, आमचे आजोबा पेरत होते तेव्हा गुन्हेगार आणि हेच कंपनीनं पेरलं की औषध, हे कसं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मोलेफे हसत हसत वहीत टिपून घेत होता. एक आजी म्हणाल्या, माझे गुडघे त्याच पाल्यानं चालतात, पोलिसांना सांगा. सगळे हसले.

मग लुथोची पाळी. उभा राहिला, म्हाताऱ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं.

"विकायलाही मोकळीक द्यावी," म्हणाला, "म्हणजे माझा काका निदान झोपेल तरी."

हशा झाला आणि तो मटकन बसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाकाखाली गेला नाही एवढंच. सगळं हातचं गेलं असं वाटलं. आणि तेवढ्यात आखोना उभी राहिली. ती ह्याच वर्गात, पण तिचं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

"उम्थेथोनं माझ्या बापाला मारलं."

मनात म्हटलं, माझीच ती, शेवटी माझीच. पण मुख्याध्यापक पटकन मोलेफेच्या कानाशी लागले आणि इंग्रजीत सांगितलं की पोरगी म्हणते, कायद्यानं माझा बाप मारला. मोलेफे उठून टाळ्याच वाजवायला लागला. नेमकं हेच, म्हणाला, जुन्या कायद्यानं अशी किती घरं मोडली, म्हणूनच तर आम्ही आलो आहोत. मंडळींना सुटल्यासारखं झालं. तेही टाळ्या वाजवू लागले. माझ्या नवऱ्याच्या मरणाची त्यांनी जाहिरात करून टाकली.

मी डस्टर टेबलावर आपटलं. "आखोना, नीट सांग. कोण?"

"मी बोलले, मिस. लिहायचं काम तुमचं." तिचा आवाज एकदम शांत होता. "नियम तुम्हीच केलात."

खडू माझ्या हातात होता. सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीला टोचत होते. शेजाऱ्यांचे, आजींचे, म्हाताऱ्याचे. छोटा एम काढला असता तर टाळ्या चालू राहिल्या असत्या आणि आम्ही सगळे घरी जाऊन जेवलो असतो. मी मोठा काढला. एमचे दोन्ही पाय लांब ओढून, सगळ्यात मागच्या पोरालाही दिसेल असा.

टाळ्या थांबल्या. मोलेफे मुख्याध्यापकांना विचारत होता, काय झालं, काय झालं. आणि म्हातारा उठला. मला वाटलं आता ओरडेल, काठी उगारेल. मला ते हवंही होतं.

"एम बरोबर आहे," म्हणाला. "पोती माझी होती. पीक माझं. मुलगा नको म्हणत होता, मीच त्याला गाडीत बसवलं. आणि अंगणात मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, ठाऊक नाही. माझा मुलगा चोर नव्हता. खोटा मी होतो." मग म्हणाला, "हे सांगायलाच हा कोट घालून आलो होतो. पण सुनेनं मला शेवटी ठेवलं होतं, म्हणून बसून राहिलो."

मोलेफेनं वही मिटली. समितीचं नाव आता कुणी काढणार नाही. शेजारचे दोघे म्हाताऱ्यापासून सरकून बसले. हे सगळं मला हवं होतं तसंच, आणि मी डोळे भरून पाहून घेणार होते.

पण म्हातारा अजून उभाच होता. मंडळींना म्हणाला, उद्या माझ्याकडे या. लुबाबालोला घरी आणायचं आहे. नऊ वर्षं तो तुरुंगाच्या दारात उभा आहे, त्याला पूर्वजांत बोलावून घ्यायचं आहे, आणि खरं बोलल्याशिवाय त्याला कोणत्या तोंडानं हाक मारणार होतो. बोकड त्याच्यासाठी आणला आहे. बियर त्याच्यासाठी घातली आहे.

माझ्या बोटांना अजून रॉकेलचा वास येत होता. खडूनंही गेला नव्हता.

शनिवार, २४ ऑगस्ट

काल संध्याकाळी आत्याला सांगायचं म्हणून गोल घराशी गेले. आत्या पिंपाला टेकून बसली होती, गात होती, नऊ वर्षांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. परत फिरले. म्हटलं, सकाळी सांगेन. सकाळी लोक आले. कालचं ऐकून दुप्पट आले. टेकडीवरून येतच राहिले.

बोकडाचं झालं. मग आत्यानं अंगणात आणलेल्या पिंपाचं झाकण काढलं आणि पेला बुडवला. नाकाशी नेला. "रॉकेल आहे ह्यात," म्हणाली. पुढच्या माणसानं वास घेतला, त्याच्या पुढच्यानं घेतला. बायका तोंडावर हात धरून मागे सरल्या. आत्यानं मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. दळायला नाही म्हणाले ती मी एकटीच.

मी तोंड उघडणार होते. हे खरं आहे, देवाशपथ खरं आहे. मी एक पाऊल पुढे टाकलं होतं.

"माझं काम ते," म्हातारा म्हणाला. "परवा दिवा भरत होतो. डबा तिथंच पिंपावर ठेवला, कलंडला असणार. मलाच कळलं नाही."

दिवा आमच्याकडे कधीच गेला. वीज आल्याला किती काळ लोटला, आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण लोकांना म्हाताऱ्यावर विश्वास ठेवायला आज काहीच जड गेलं नाही. कुणीतरी म्हणालं, आधी पोरगा खाल्ला, मग त्याची बियर. कुणी हसलं. त्यानं मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. नऊ वर्षांपूर्वी ज्या अंगणात त्याच्या तोंडून 'माझं' एवढा शब्द निघाला नव्हता, त्याच अंगणात.

आत, गोल घराच्या मागच्या भिंतीशी, पूर्वजांसाठी एक लहान मडकं वेगळं ठेवलेलं होतं. त्या बाजूला सुनेनं पाऊल टाकायचं नसतं, म्हणून मला त्याचा पत्ताच नव्हता. तेवढं वाचलं. त्याच्यावर त्यांनी लुबाबालोला हाक मारली. म्हाताऱ्याचा आवाज मध्येच फुटला, मग परत लागला. लोक कोरड्या तोंडानं उठून गेले.

आखोना माझ्या खोलीत आली. पलंगाखालचा रिकामा डबा तिनं ओढून काढला, उलटा करून पाहिला आणि बाहेर घेऊन गेली. थोड्या वेळानं मी डोकावले तर तो म्हाताऱ्याच्या दाराशी ठेवलेला होता, सगळ्यांना दिसेल असा. आत ती त्याला जेवायला वाढत होती. रात्री ती तिकडेच झोपणार आहे, असा निरोप आत्याकडून आला. मला काही विचारलं नाही.

जे हवं होतं ते झालं. लुबाबालो चोर नाही हे सगळ्यांना कळलं, ते त्याच्या बापानं सांगितलं, आणि फळ्यावर मी लिहिलं. माझ्याकडे आता त्या माणसाविरुद्ध काहीच उरलेलं नाही, आणि हे त्यानं जाणूनबुजून केलं आहे. मी पाऊल टाकलं होतं. त्यानं पाहिलं होतं मी टाकलेलं पाऊल. तरी मला बोलू दिलं नाही.

लुबाबालोचं एक वेळ मी माफ करीन. हे नाही करणार.